फणीची खूण

“अंडी शोधताय का हो बाई?”

तटावरून मुकादमाने विचारलं आणि चुना कालवणारे गवंडी हसले. सुतैताने मान वर केली नाही. उतारावरच्या काटेरी झुडपांत ती उकिडवी बसली होती आणि समोरचा कलिंगडाएवढा गोल दगड दोन्ही हातांनी फिरवून बघत होती. याच्यावर चंद्रकोर कोरलेली होती. शेजारच्यावर मासा. तिने ओचा सावरला आणि ती पुढच्या दगडाकडे सरकली.

असे दगड त्या उतारावर जिकडेतिकडे पडले होते. चार वर्षांपूर्वी सुलतानाच्या फौजेने या किल्ल्यात फिरंग्यांना कोंडलं, तेव्हा मंजनिकींनी, दगड फेकायच्या अवजड यंत्रांनी, फेकलेले. काही तटात रुतून बसले होते, काही आपटून फुटले होते, आणि बाकीचे गडगडत खाली येऊन जिथे थांबले तिथेच गवतात राहिले होते. आता त्यांच्यावर शेरडं चढत होती.

प्रत्येक दगडावर तो घडवणाऱ्या पाथरवटाची खूण असते. हौस म्हणून नाही. मंजनिकीचा एक दगड हवा तिथे बसला की पुढचे सगळे तेवढ्याच वजनाचे लागतात. जड निघाला तर तटाच्या अलीकडेच पडतो, हलका निघाला तर किल्ला ओलांडून पलीकडच्या दरीत. तेव्हा दगड तोलणाऱ्या काटेवाल्याला कळायला हवं, कुणाला झापायचं ते. सुतैताचा नवरा मुहन्ना याच कामावर आला होता. त्याची खूण होती तीन दातांची फणी. लग्नाच्या वर्षी तिची फणी मोडून तीनच दात उरले होते. नवी आणायची तो रोज विसरायचा आणि वर म्हणायचा, दगडागणिक तुझी आठवण काढतो, अजून काय हवं?

ती फणी शोधायला सुतैता मिठाच्या गाढवांबरोबर आसी नदीचं खोरं ओलांडून इथवर आली होती. घरी दुर्राला बहिणीच्या हवाली केलं होतं. दुर्रा तिची मुलगी, सोळाची. रंगाऱ्याच्या मुलाशी तिचं ठरत आलं होतं. मुलगा चांगला होता, हात कोपरापर्यंत निळे, पण नजर सरळ. आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. बाप जिवंत असेल तर मुलीच्या निकाहाला त्याचा होकार हवा. मेला असेल तर चुलत्याचा. पण मुहन्ना आहे की नाही हेच कुणाला ठाऊक नव्हतं. काझीने हात वर केले. रंगाऱ्याची बायको तर आंबट तोंड करून म्हणाली, “पळालेल्या बापाची पोर म्हणजे दारं उघडी टाकलेलं घर.” ती हसत हसत म्हणाली होती, म्हणून जास्त लागलं.

गावाने मुहन्नाला पळालेला ठरवून टाकलं होतं, कारण वेढ्याच्या काळात तो धडधाकट असल्याचा पुरावा दर महिन्याला दारात येत होता. लग्न झालेल्या पाथरवटांच्या घरी फौजेकडून जवाचं पोतं जायचं. खेचरवाला ते उतरवायचा आणि सांगायचा, तुझ्या माणसाचे दगड काट्यावर रोज चढतायत, काळजी नको. हिवाळाभर पोती आली. वसंतात किल्ला पडला, आसपासच्या गावांची माणसं परतली, मुहन्ना आला नाही. मग कुणी म्हणालं किनाऱ्यावर एका कोळिणीबरोबर राहिला. कुणी म्हणालं बायको कजाग असली की माणूस वाट चुकतोच.

सुतैतानेही ते मानलं. कोळिणीमुळे नव्हे. त्या हिवाळ्यात तिचा धाकटा, सालेह, तापाने गेला होता. अजून धड चालतही नव्हता. तिने खेचरवाल्याबरोबर निरोप धाडला: तुझा मुलगा गेला, येता आलं तर ये, नाही तर चार शब्द पाठव. पुढच्या महिन्यात पोतं आलं. शब्द आला नाही. पोरगं गेल्याचं कळूनही ज्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही तो माणूस काय वाटेल ते करू शकतो, असं तिच्या मनाने त्या दिवशी धरलं, आणि तेव्हापासून ती त्याच्याशी भांडत होती. कणीक मळताना, पाणी भरताना, दुर्राची वेणी घालताना. चार वर्षं एकटीच.

आणि आता त्याचाच दगड शोधत होती. माणूस सापडला नाही तर निदान त्याला ओळखणारं कुणी इथे असेल, तो कुठल्या वाटेने गेला ते सांगेल, एवढीच आशा होती.

मुकादम शेवटी खालीच आला. ढेरपोट्या, दाढीत चुना. बाई दगड चोरत नाही एवढी खात्री पटल्यावर तो मऊ झाला. तिने खूण सांगितली. तो म्हणाला, फणी का, मग अशी झुडपांत कशाला रांगताय, वर या, तटाच्या भगदाडात फण्याच फण्या आहेत.

“म्हणजे शेवटपर्यंत होता?” तिने विचारलं.

“मोठे दगड शेवटचेच. आधी लहान मंजनीक होती, दोरांना माणसं लोंबकळून ओढायची ती. ती असलेच फेकायची, तुमच्या हाताखाली आहेत तसले. मग सुलतानांनी मोठी पाठवली. तिला ओढायला माणूस नको. खोलीएवढी पेटी, मातीनं भरलेली. पेटी खाली बसली की दगड वर. कानठळ्या बसायच्या आमच्या.”

सुतैताला ते ठाऊक होतं. तो वेढ्यावर निघायच्या आदल्या दिवशी दुर्राने बापाला विचारलं होतं, एवढा दगड जातो कसा? मुहन्नाने लाटण्याच्या एका टोकाला खलबत्त्यातला बत्ता बांधला, दुसऱ्याला आपल्या पागोट्याची चिंधी, चिंधीत अक्रोड. आखूड बाजूला वजन, लांब बाजूला गोफण. वजन खाली बसलं की लांब टोक उसळतं, आणि गोफण त्याच्या मागून वळसा घेऊन येते. दगडाला वाटत असतं आपल्याला अजून धरलंय, तो म्हणाला, आणि तेवढ्यात तो सुटलेला असतो. अक्रोड भिंत ओलांडून शेजारणीच्या दह्यात पडला. शेजारीण ओरडली, की सुलतानाआधी माझंच दही जिंकलंस का रे डावऱ्या. सालेह सुतैताच्या कडेवर होता. त्याने टाळ्या वाजवल्या होत्या.

डावरा तर मुहन्ना होताच. सासू जिवंत होती तोवर पानावर बसला की त्याच्या डाव्या हातावर चमचा मारायची. जेवायला तो उजवा शिकला, पण टाकीचा हातोडा डावाच राहिला. त्यामुळे त्याच्या दगडांची गंमत होती. फणीचे दात खाली धरले की टाकीच्या बारीक रेघा डावीकडे कललेल्या दिसायच्या. बाकी सगळ्या पाथरवटांच्या उजवीकडे. अंगणात वर्षानुवर्षं त्या दगडांवर बसून सुतैताने शेंगा सोलल्या होत्या. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

वर जायच्या आधी झुडपात तिला फणी मिळाली. लहान दगड. एका बाजूला कोळी चिकटलेला. तिने फणीचे दात खाली केले आणि बोट फिरवलं. रेघा डावीकडे. ती तशीच बसून राहिली. भांडायचं सगळं तोंडाशी आलं होतं. पण त्या थंड गोळ्याला काय बोलणार? असे आणखी दोन सापडले, बस.

मग ती भगदाडात गेली. मुकादमाने सांगितलं ते खरं होतं. ढासळलेल्या भिंतीच्या ढिगात मोठे दगड होते, दोन माणसांच्या कवेत मावतील असे, आणि त्यांच्यावर फण्या होत्या. तिने पहिल्यावर बोट फिरवलं. रेघा उजवीकडे गेल्या.

दुसरा पाहिला. उजवीकडे.

पहिला विचार तिच्या मनात आला तो हाताचा. डावा हात दुखावला असेल. बोटं चेंगरली असतील. कुणी बांधून दिली असतील? उजव्याने काम करत राहिला असेल, म्हणून निरोप धाडायलाही... चार वर्षांच्या रागाखालून काळजी अशी वर आली, की जणू तो कालच घरातून निघाला होता.

ती प्रत्येक मोठ्या दगडाशी वाकत गेली. एक दगड उलटा पडला होता. त्याच्या बुडाला तळहाताएवढी सपाट जागा होती. तिने शेजारच्याच्या खाली हात घातला. तिथेही सपाट.

मुहन्नाचा दगड कधी एका जागी बसला नाही. जमिनीवर ठेवला की हलायचा. बुडाला बसकण ठेवायची खोड एकाचीच होती. अजलानची. मुहन्नाचा जोडीदार, एकटा जीव, थोराड, संथ. दर शुक्रवारी त्यांच्याकडे जेवायला यायचा आणि दोनदा वाढल्याशिवाय उठायचा नाही. मुहन्ना त्याला म्हणायचा, तुझे दगड तुझ्यासारखेच लेका, आधी बसायला जागा बघतात. त्यांच्या गावातून या वेढ्यावर दोघेच आले होते. अजलानही परतला नव्हता, पण त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं म्हणून कुणी त्याचं नावही काढलं नव्हतं.

तिने मुकादमाला विचारलं. मुकादम म्हणाला, अजलान? आमचाच आहे की. चुन्याच्या भट्टीवर. आज सकाळपासून बाहेर पडला नाही, पोट दुखतंय म्हणतो.

भट्टीच्या मागे, पोत्यांच्या आडोशाला तो बसला होता. केस पांढरे झाले होते. तिला बघून उठायला गेला, पण अर्धाच उठला.

“या वहिनी,” तो म्हणाला.

सुतैताने ख्यालीखुशाली विचारली नाही. ओढणीत गुंडाळून आणलेला लहान दगड तिने त्याच्यापुढे ठेवला.

“हा त्याचा. वरचे मोठे तुझे. खूण त्याची का?”

अजलानने दगडाकडे बघितलं. मग भट्टीकडे. बराच वेळ त्याने चुना लागलेले हात एकमेकांवर घासले.

“तो पहिल्याच महिन्यात गेला, वहिनी.”

मग त्याने सांगितलं, तुटक तुटक, मध्येच पाणी पिऊन. पाऊस होता. लहान मंजनिकीचे दोर भिजले होते. ओढणारे एका तालात ओढतात तेव्हाच दगड पुढे जातो. त्या दिवशी अर्ध्यांचे हात घसरले. गोफण उशिरा सुटली आणि दगड पुढे जायचा तो सरळ वर गेला. सगळे वर बघत उभे राहिले, कुठे पडतो ते कळेना. “सगळे बघत होतो. तो बघत नव्हता. त्याचा दगड अर्धा झाला होता. मी हाक मारली तर म्हणाला, थांब रे, एवढी बाजू होऊ दे.”

सुतैता खाली बसली.

“लगेच गेला,” अजलान म्हणाला. “काही कळलं नाही त्याला.”

“आणि जव?”

“काटेवाल्याला खुणा माहीत असतात, तोंडं नाही. संध्याकाळी तो विचारत आला, फणीवाल्याचा दगड कुठाय. तो अर्धा होता ना, तो मी पुरा केला. फणी काढली. दुसऱ्या दिवशी परत विचारत आला. मग रोज माझा एक, त्याचा एक. मला कुठं पोतं पाठवायचं होतं? घरी पोरं होती तुमची.”

खरं तर त्याला एवढंच सांगायचं होतं, आणि ऐकणारी दुसरी कुणी असती तर तिने त्याचे पाय धरले असते. सुतैता धरू शकली नाही. तिला सालेहची आठवण झाली, आणि खेचरवाल्याची, जो दर खेपेला सांगायचा की काळजी नको.

“मी निरोप धाडला होता.”

“मिळाला.”

“मोजे धाडले होते. अंजीर.”

“अंजीर मी खाल्ले,” अजलान म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही. “मोजे त्याच्याजवळ ठेवले. तुमच्या शिव्या पण मलाच मिळायच्या. खेचरवाला आवाज काढून दाखवायचा.”

“तू मला चार वर्षं टाकलेली बाई केलंस, अजलान. मी मेलेल्या माणसाला शिव्या घातल्या. रोज. पोरगं गेलं आणि तू गप्प बसलास.”

एखादं जनावर मार खाताना उभं राहतं तसा तो राहिला. मग म्हणाला, आधी भीती वाटली, मेलेल्याचा शिधा घेतला म्हणून हात तोडतील. मग वेढा संपला तेव्हा लाज वाटली. गावाकडे निघालो होतो, वहिनी, पुलापर्यंत आलोही होतो. दारात येऊन कुठून सुरुवात करायची तेच कळेना. रोज म्हणायचो, उद्या.

“सालेहचं कळलं त्या दिवशी,” तो थांबला. “त्या दिवशी मी जाऊन त्याला सांगितलं. मला दुसरं काय करता येत होतं?”

“कुठं जाऊन?”

तो तिला खाली घेऊन गेला. उताराच्या पायथ्याशी, जुन्या ऑलिव्हच्या बुंध्याजवळ, लहान गोल दगडांचा एक नीट रचलेला ढीग होता. दोन वेगळ्या माणसांच्या हातचे दगड होते ते, पण एकही घसरत नव्हता. सुतैता जागच्या जागी थबकली. सकाळी गाढवं सोडून चालत आल्यावर ती याच ढिगावर टेकली होती. इथेच बसून तिने भाकरी आणि ऑलिव्ह खाल्ले होते आणि बिया पलीकडे फेकल्या होत्या.

“मी बघितलं वरून,” अजलान म्हणाला. “चालीवरून ओळखलं. उतरायची हिंमत झाली नाही.”

गवंड्यांनी हे दगड भरावाला मागितले होते. तडकलेत म्हणून त्याने मुकादमाला परतवलं होतं. दर पावसाळ्यानंतर तो ढीग पुन्हा रचत होता.

मग तो कामाचं बोलला. मी येतो, म्हणाला, काझीपुढे उभा राहतो, जे झालं ते सगळं सांगतो. पोरीचं अडायला नको. माझं काय व्हायचं ते होऊ दे, मागे रडायला कोण आहे?

सुतैताने त्याच्या हातांकडे पाहिलं. चुन्याने बोटांची टोकं फुटली होती. या हातांनी एक हिवाळाभर दोन माणसांचं काम केलं होतं, आणि तिच्या दुर्राच्या ताटात भाकरी पडली होती. सालेहच्याही, जेवढे दिवस तो होता. हे हात तुटावेत असं तिला वाटायला हवं होतं. मघाशी वाटलंही होतं.

“येच तू,” ती म्हणाली. “मेला म्हणून सांग. माती तू दिलीस म्हणून सांग. मुकादमालाही विचार येतो का, फण्या त्यानंही बघितल्यात.”

“आणि काझीनं विचारलं, कधी गेला, तर?”

वरून गवंड्यांचे आवाज येत होते. कुणीतरी चुना संपला म्हणून अजलानच्या नावाने ओरडत होतं. पहिल्या महिन्यात गेला म्हटलं तर पोती कुणी खाल्ली ते निघेल. आणि दुसरं जे काही म्हणायचं ते सुतैतालाच म्हणावं लागणार होतं. पुढे दुर्राला, रंगाऱ्याच्या बायकोला, गावाला, जन्मभर तेच.

“शेवटचा दगड सुटेपर्यंत होता, म्हण.”

अजलान तिच्याकडे बघत राहिला. “म्हणजे सालेहचा निरोप...”

“मिळाला होता त्याला, म्हण. रडला होता, म्हण.”

त्याने मान हलवली. वरून पुन्हा हाक आली तसा तो वळला, दोन पावलं गेला आणि परत आला. ढिगाच्या अगदी वर एक दगड होता, बाकीच्यांपेक्षा जरा काळपट. तो त्याने दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढे ठेवला आणि तो चढ चढून गेला.

दगड बसला. बुडाला सपाट होता. सुतैताने त्याच्यावरची धूळ ओढणीने पुसली, फणीचे दात खाली केले आणि बोट टेकवलं. रेघा डावीकडे निघाल्या, दाट, एकसारख्या, घाई नसलेल्या. दगडाच्या मध्यावर त्या थांबल्या. तिथे केसाएवढी शिवण होती, आणि पलीकडे उजवीकडच्या रेघा सुरू होत होत्या.

मीठवाले परत जाताना तिला हाक मारणार होते. अजून वेळ होता. ती दगडाशेजारी बसून राहिली. बोट शिवणीपाशी आलं की ती ते उचलायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.